खिळे ठोकलेली खिडकी आणि मी

मी एक जुनी शेवाळाची टाकी आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका! माझ्या काचेच्या पोटातलं हिरवं पाणी घाण नाही, जिवंत आहे. एक छोटा पंप खोलीतली हवा खालून बुडबुड्यांनी आत सोडतो. शेवाळ तिच्यातला कोंदटपणा खातं आणि जराशी ताजी करून परत देतं. जराशीच, बरं का!

मला घडवणाऱ्या बाईंनी फर्निचरच्या कारखान्यात आणून ठेवलं, तेव्हा मालकाला बजावलं होतं, "ही खिडकीच्या सोबतीला आहे, खिडकीच्या जागी नाही." मालकाने मान डोलावली. पण पॉलिशवाल्यांचा जन्माचा वैरी म्हणजे धूळ. ओल्या पॉलिशवर एक कण बसला की सगळी मेहनत पाण्यात. बाईंची पाठ वळताच मालकाने खिडकी लावली आणि चौकटीला खिळे ठोकले.

तिथे पॉलिश करायची त्याची थोरली बहीण. ती रोज मला फडक्याने पुसायची. "काय गं हिरवे, जेवलीस का?" असं विचारायची. गिऱ्हाइकं माझ्याशेजारी उभी राहून फोटो काढायची. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

हळूहळू ताई खोकू लागली. "अरे, थिनरने डोकं धरतं रे माझं. जरा खिडकी उघड ना."

"ताई, एवढ्या हौसेने टाकी आणली ती काय शोभेला? तिच्याजवळ बस."

आणि ती खरंच स्टूल ओढून माझ्याजवळ बसली! माझा जीव नुसता तळमळला. अहो, थिनरची वाफ माझ्या शेवाळाला पचत नाही. तेच बिचारं पिवळं पडत चाललं होतं. पण सांगू कशी? मला येतात ते फक्त बुडबुडे. ते पाहून ताई म्हणायची, "बघ, किती राबते बिचारी!"

एके दुपारी ताईच्या हातातून फडकं गळालं आणि ती माझ्याच काचेला टेकून खाली बसली. मालकाने तिला उचलून दवाखान्यात नेलं. परत आला तो रडतच. माणूस वाईट नाही हो, बहिणीवर जीव आहे त्याचा. त्याने डोळे पुसले आणि मला घडवणाऱ्या बाईंना फोन लावला.

"ताई सोमवारपासून परत कामाला बसणार आहे. तिला भरपूर चांगली हवा पाहिजे. अजून एक टाकी पाठवा."

मित्रांनो, आम्हाला जपा, उजेडात ठेवा. पण सगळा भार आमच्यावर टाकू नका. आणि कधी आमच्या कारखान्याच्या रस्त्याने गेलात, तर एक बंद खिडकी दिसेल, आत हिरवट उजेड असेल. जोरात टकटक करा. सोमवारच्या आत करा.