लोहाची गोळी आणि कोबिलोचा चहा

कोबिलोच्या घरी औषध पाण्याबरोबर घ्यायची पद्धतच नव्हती. पाणी परक्यांना; पोटच्या पोरीला द्यायचा तो दाट दुधाचा, गोडमिट्ट चहा. म्हणून रोज सकाळी ती दरीतून चढ चढून इटेनच्या धावपटूंच्या शिबिरात यायची आणि धावून दमलेल्या लेकीला, जेसांगला, गोळीबरोबर शालीखालच्या थर्मासमधला चहा पाजायची.

गोळी लोहाची होती. पोरीच्या रक्तात लोह कमी, पाय उचलेनात. एल्डोरेटच्या निवड शर्यतीत पहिल्या सहांत आलीस तर संघात, नाहीतर शिबिरातून सामान उचल, असं कोचनं सुनावलेलं.

दोन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासलं. लोह जिथल्या तिथं! शर्यतीला उरले अडीच महिने.

"गोळी कशाबरोबर घेतेस?" नर्सनं जेसांगला विचारलं.

"चहाबरोबर!" कोबिलोच ऐटीत म्हणाली. "आमच्याच गाईचं दूध. चांगले तीन कप."

नर्सनं कपाळाला हात लावला. "अहो मावशी, चहा-दूध लोह अंगी लागू देत नाही. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी हिला."

कोबिलोचा चेहरा खर्रकन उतरला. बाहेर आल्यावर मात्र ती कडाडली, "कार्टे, तोंडाला कुलूप लावलं होतंस?"

"तू एवढा चढ चढून यायचीस," जेसांग पुटपुटली. "नको कसं म्हणू गं?"

"म्हणून पायांचं वाटोळं करून घेणार होतीस? मूर्ख कुठली!" म्हणता म्हणता तिनं पोरीला भर रस्त्यात कवटाळलं.

चढ काही तिनं सोडला नाही. आता नर्सनं सांगितल्याप्रमाणे आधी गोळी, पाणी, सोललेलं संत्रं. मग थर्मास मांडीखाली दाबून ती मैदानाच्या कडेला बसायची. "दोन तास! हात लावशील तर याद राख." स्वतःही तोवर घोट घेत नसे. चहाबाज बाई, जांभया देत बसायची बिचारी.

एल्डोरेटला शेवटच्या फेरीत जेसांगनं दोघींना मागं टाकलं आणि पाचवी आली. संघात! घामानं निथळत ती थेट आईपाशी आली.

"आई, चहा दे गं!"

कोबिलोचे डोळे वाहत होते. तरी तिनं थर्मास पाठीमागं लपवला.

"गोळी किती वाजता घेतलीस?"

"पहाटे चारला गं आई, चारला!"

कोबिलोनं बोटांवर तास मोजले. मग कुठं झाकण उघडलं आणि कप आपल्या हातानं पोरीच्या ओठांना लावला.