मापवहीच्या उजव्या कडेला

मास्तरांच्या दुकानात माप टेपनं घेतलं जाई, पण कोट शिवला जाई तो शेऱ्यावर. छाती, कंबर, बाही हे आकडे कुणीही लिहील. वहीच्या उजव्या कडेला मास्तर बारीक अक्षरात जे लिहीत, खरी कारागिरी त्यात होती. 'डावा खांदा अर्धं बोट खाली. बोलू नये, पॅड घालावं.' 'पोट आत ओढून उभे राहतात. दोन बोटं जास्त धरावी.' 'बायकोसमोर कंबरेचा आकडा मोठ्यानं म्हणू नये.' चव्वेचाळीस वर्षांत अशा एकतीस वह्या भरल्या होत्या.

त्या दिवसांची मास्तरांना अलीकडे फार आठवण येई. गिऱ्हाईक दारात दिसलं की त्यांना नावाआधी पान आठवे. एकाच पानावर एका माणसाचा नोकरीचा कोट, लग्नाचा कोट, मग सुटलेल्या पोटाचा, मग आजारपणातून उठल्यावरचा, दोन्ही बाजूंनी आत घेतलेला. पान वाचलं की माणसाशी गप्पा मारल्यासारखं वाटे.

नजर अधू झाली तसं दुकान लेकीनं हाती घेतलं. वह्या कंप्यूटरवर चढवताना ती म्हणाली होती, "बाबा, आकडे तेवढे घेते. शेरे कशाला?"

"शेऱ्याशिवाय माप म्हणजे बाहीशिवाय कोट. एक अक्षर गाळायचं नाही," मास्तर हटून बसले. सहा महिने खपून तिनं अक्षर न् अक्षर उतरवलं.

आणि गेल्या सोमवारी, नेहमीच्या बटणवाल्याच्या नावानं मेलवर आलेली नमुन्यांची यादी तिनं उघडली. ती बटणवाल्यानं पाठवलेलीच नव्हती. तासाभरात पडद्यावर काळी चौकट आली: तुमच्या सगळ्या नोंदी आमच्याकडे आहेत, पैसे पाठवा, नाहीतर जगजाहीर करू.

दुसऱ्या दिवशी लेकीनं बोलावलेल्या वकीलबाई आल्या. "पैसे द्यायचे नाहीत. दिले तरी ते गप्प बसतील याची हमी काय? सरकारी कार्यालयाला मी कळवलंय. आता ज्याची ज्याची माहिती गेली, त्या प्रत्येकाला तुम्ही कळवायचं. काय गेलं, त्यातून काय त्रास होऊ शकतो, सगळं साध्या भाषेत आणि उशीर न करता. कायदाच तसा आहे."

"कळवते की," लेक म्हणाली. "'आपली मापे चोरीला गेली आहेत', असा मेसेज टाकते सगळ्यांना."

"नुसती मापंच गेलीत का?"

लेकीनं बापाकडे पाहिलं. मास्तर खडूचा तुकडा बोटात फिरवत राहिले.

"न कळवल्याचा दंड एकवेळ सोसवेल," वकीलबाई उठता उठता म्हणाल्या. "पण शेरे दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळले, तर या दुकानाची पायरी कुणी चढणार नाही."

मग मास्तरांनी लेकीला वह्यांतले सगळे शेरे वाचायला लावले. लेक वाचता वाचता मध्येच थांबली. "'टक्कल दिसू नये म्हणून कॉलर उंच मागतात.' बाबा, कॉलरनं टक्कल झाकलं जातं?"

"तेच तर वीस वर्षं समजावतोय त्यांना."

बरेचसे शेरे लोक हसण्यावारी नेतील असेच होते. त्यांना मेसेज पुरे होता. बारा नावं मात्र तशी नव्हती. मास्तरांनी ती कागदावर उतरवून घेतली. पहिलंच नाव निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचं होतं. बावीस वर्षांपूर्वी ऑपरेशनमध्ये त्यांचा डावा स्तन काढावा लागला होता. शाळेत आणि घरीही त्यांनी पित्ताशयाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं. खरं ठाऊक होतं ते डॉक्टरांना आणि मास्तरांना.

बाई बहिणीसोबत तिसऱ्या मजल्यावर राहत. मास्तर दम खात जिना चढले. धाकटी बहीण पाणी देऊन आत गेली.

"बाई, दुकानातून तुमची माहिती चोरीला गेली."

"मापं ना? नेऊ देत. या वयात माझ्या कंबरेचं कुणाला काय कौतुक?"

"मापापुढे शेराही होता."

बाईंचा चेहरा उतरला. "काय लिहिलं होतं? जसंच्या तसं सांगा."

मास्तरांना ते पाठ होतं. "'ऑपरेशननंतर डावी बाजू रिकामी. अस्तर दुहेरी, कापूस दीड बोट. ट्रायलला दुसरं गिऱ्हाईक नको. आरसा फिरवून ठेवावा.'"

"मला वाटायचं, तुमच्याकडे आरसाच नाही," बाई हळूच म्हणाल्या. मग आवाज चढला. "पण लिहिलंत कशाला?"

"विसरलो असतो तर दर कोटाला तुम्हाला नव्यानं सांगावं लागलं असतं."

"वहीत होतं ते मशीनमध्ये कशाला घातलंत?"

"माझा हट्ट. लेक नको म्हणत होती."

"शाबास!" वर्गासमोर उभं केल्यासारखं मास्तरांना वाटलं. "आई याच दुखण्यानं गेली. या धाकटीनं सगळं उशाशी बसून पाहिलं. हिला धास्ती नको म्हणून मी बावीस वर्षं तोंड शिवून बसले, मास्तर."

"म्हणूनच मेसेज न टाकता आलो. चोरांच्या आधी तुम्हाला सांगता यावं तिला."

बाई म्हणाल्या, "बाहेर थांबा," आणि त्यांनी बहिणीला हाक मारली.

मास्तर जिन्याच्या पायरीवर बसले. दाराआडून आधी काही ऐकू येईना. मग बहिणीचा आवाज फुटला, "बावीस वर्षं! मला परकी समजलीस?" त्यानंतर रडणं आणि त्यावर बाईंचं दटावणं.

दार उघडलं तेव्हा बहिणीचे डोळे लाल होते.

"चोरांनी नेलं ते परत येत नाही ना?"

"नाही."

"मग तुमच्याकडचं तरी पुसा. मशीनमधलं आणि वहीतलंही. ताईनं तसं सांगितलंय."

वहीच्या पानाला आजवर मास्तरांनी कात्री लावली नव्हती.

"आजच कापतो," ते म्हणाले.

"नवा कोट शिवायचा झाला की मी येईन तिच्याबरोबर. काय सांगायचं ते मी सांगेन तुम्हाला." ती वळली आणि पुन्हा थांबली. "आणखी कोण आहेत असे?"

"अकरा."

"त्यांनाही घरी जाऊनच सांगा. फोनवर नको."

मास्तर कठड्याला धरून उठले. दुसरं नाव दोन गल्ल्या पलीकडचं होतं, तेही तिसऱ्याच मजल्यावरचं.