मोठ्याचं तिकीट

“अहो, पाठवलं का?”

“पाठवतो म्हटलं ना. हाताला ग्रीस आहे.”

“ग्रीस तुमच्या हाताला जन्मभर आहे. माझं तिकीट आधी माझ्या फोनात येऊ दे, मग काय ते पुसत बसा.”

धाकटा तेव्हा लिफ्टच्या टपावर उभा होता. दोन मजल्यांच्या मध्ये, अंधारात, काखेत बॅटरी आणि कानाला फोन. उद्या लेकीचा पदवीचा समारंभ. नर्सिंगचं शिक्षण एकदाचं पार पडलं होतं. कॉलेजने प्रत्येक मुलीला दोन पाहुण्यांची परवानगी दिली होती, आणि ती दोन्ही तिकिटं बापाच्या फोनवर आली होती. दारावर ज्याने त्याने आपापल्या फोनमधलं तिकीट दाखवायचं. बायको हॉस्पिटलच्या लाँड्रीतून परस्पर हॉलवर जाणार होती, म्हणून तिला तिचं आजच हवं होतं. आयत्या वेळी नवऱ्यावर भरवसा ठेवायचा नाही, हे ती संसारात फार लवकर शिकली होती.

त्याने दातांनी हातमोजा ओढला, ‘पाठवा’ दाबलं, नावांची यादी आली, अंगठा पडला. ‘खात्री आहे?’ असं फोनने विचारलं. फोन सारखंच काहीतरी विचारत असतो. त्याने ‘हो’ दाबलं, फोन खिशात टाकला आणि पुन्हा कामाला लागला.

त्याला धाकटा म्हणत, पण पन्नाशी उलटूनही बराच काळ लोटला होता. दोघे भाऊ एकाच कंपनीत लिफ्ट-मेकॅनिक म्हणून लागले तेव्हा कुणीतरी एकाला मोठा म्हटलं, दुसऱ्याला धाकटा, आणि पगाराच्या दिवसाखेरीज त्यांची खरी नावं कुणाला लागेनाशी झाली. या कामात माणसं जोडीने असतात. एक वर, मशीनच्या खोलीत. दुसरा खाली, शाफ्टमध्ये, लिफ्टच्या उभ्या पोकळीत. वरच्याने ओरडून विचारायचं, “घेऊ का?” खालच्याने “घे” म्हटलं, तरच लिफ्ट हलवायची. उत्तर नाही आलं तर चहाला जा, घरी जा, पण बटणाला हात लावायचा नाही. आणि जोडीदाराचा नंबर फोनमध्ये सगळ्यात वर ठेवायचा, अंधारात न बघता अंगठा तिथेच पडावा म्हणून.

धाकट्याच्या फोनमध्ये सगळ्यात वर मोठ्याचा नंबर होता. दोघे एकमेकांशी कित्येक वर्षं बोलत नव्हते, तरी होता. का काढला नाही असं कुणी विचारलं असतं, तर वेळ कुठे मिळतो, म्हणाला असता.

थोड्या वेळाने बायकोचा पुन्हा फोन आला. तिकीट आलेलं नव्हतं. त्याने टपावरच बसकण मारून फोन उघडला. तिकिटाखाली मोठ्याचं कागदपत्रांतलं पूर्ण नाव होतं, आणि त्यापुढे हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं – ‘स्वीकारले’.

चूक झाली ती झालीच, पण तिकडे ते घेतलंही गेलं होतं, तेही लगेच.

कॉलेजच्या ऑफिसातल्या बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. आवाजावरून भल्या वाटत होत्या.

“काका, समोरच्याने स्वीकारलं ना, की आमच्या हातात काही राहत नाही. त्यांनीच परत पाठवायला हवं.”

“एखादी जास्तीची खुर्ची? मागे, कोपऱ्यात कुठेतरी?”

“मोजून खुर्च्या आहेत हो. पण घरातलेच आहेत ना ते? मग काय, एक फोन करा, काम होईल.”

घरातलेच. धाकट्याने फोन ठेवला आणि हाताकडे बघितलं. डाव्या हाताची दोन बोटं बुडापासून नव्हती.

त्या दिवशीही तो शाफ्टमध्येच होता, आणि वर मोठा. वरून हाक आली की नाही, हे त्याला आजही सांगता आलं नसतं. त्याने मात्र उत्तर दिलं नव्हतं. लिफ्ट हलली. बोटं गेली, ती गेली. या धंद्यात बोटं जातात, माणसंही जातात. पण कंपनीत चौकशी झाली तेव्हा साहेबांसमोर मोठा म्हणाला, “मी विचारलं होतं. त्याने ‘घे’ म्हटलं.” खाली मान घालून म्हणाला, पण म्हणाला. चूक धाकट्याच्या नावावर लागली. स्वतःच्याच हाताने बोटं घालवलेला बेफिकीर माणूस, अशी त्याची ओळख झाली. पुढे कितीतरी दिवस त्याच्या जोडीला कुणी उभं राहायला तयार नसे. मोठ्याची नोकरी वाचली. घरी बायकोने महिनोन्‌महिने नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावली, अंघोळीला पाणी अंगावर घातलं, लाँड्रीत दुहेरी पाळ्या केल्या, आणि ज्याच्या शब्दाला किंमत नाही त्या दिराचं नाव घरात काढायचं नाही, असं एकदाच सांगितलं.

म्हणून संध्याकाळी त्याने खरं काय ते सांगितलं तेव्हा तिने मान वर केली नाही. कणीक मळत होती, ती मळतच राहिली.

“मी बाहेर थांबतो,” तो म्हणाला. “माझं तिकीट तू घे.”

“आणि मी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसू? लेकीकडे बघू का त्यांच्याकडे?”

“मग काय करू?”

“मागा परत.”

“अगं, त्याला वाटलं असेल...”

“वाटू दे. मला पण पुष्कळ काय काय वाटलं होतं.” तिने हात धुतले. “तुमच्याच्याने होत नसेल तर मी जाते. पण मी गेले, तर फक्त तिकिटावर थांबणार नाही. सांगून ठेवते.”

तिचं काहीच चुकत नव्हतं. तिचं काही चुकलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. तो उठला आणि पायांत चपला सरकवल्या.

मोठा आता एका इमारतीत रखवालदार होता. बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. गाड्या उभ्या करायच्या जागेमागे त्याला एक खोली दिली होती. धाकटा दाराशी पोचला तेव्हा दार उघडंच होतं, आणि मोठा खाली बसून बुटांना पॉलिश करत होता. जुने बूट, पण आरशासारखे चकचकीत केले होते. खुंटीवर इस्त्रीचा शर्ट. दाढी नुकतीच केलेली, हनुवटीवर दोन ठिकाणी कापलेलं. धाकट्याला पाहून तो लगबगीने उठायला गेला, गुडघ्याने दगा दिला, तसा भिंत धरून उभा राहिला.

“तू कशाला आलास? मी आलोच असतो उद्या.”

“आलो सहज.”

“बस. बस ना. चहा टाकतो.”

“नको, दादा.”

‘दादा’ ऐकून मोठ्याचा हात भांड्यावरच थांबला. तो खूप म्हातारा झाला होता. डोळ्यांत मोतीबिंदू असावा, कारण बोलताना तो धाकट्याच्या जरा बाजूला बघत होता.

“इथल्या साहेबांना सांगितलं, उद्या सुट्टी पाहिजे,” मोठा म्हणाला. “विचारलं त्यांनी, काय काम. म्हटलं, पुतणी नर्स झाली, बोलावलंय. वरच्या मजल्यावरच्या ताईंनी तिकीट घेऊन दिलं फोनवर, मला ते जमत नाही. त्या म्हणाल्या, काका, तुमचा फोन वाजतो कधी हे आजच कळलं.” तो हसला. एकटाच. मग खाटेवर टेकला.

धाकट्याने तोंड उघडलं, पण मोठा आधी बोलला.

“त्या दिवशी तू उत्तर दिलं नव्हतंस.”

खोलीत रॉकेलचा आणि पॉलिशचा वास होता. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

“मी विचारलंच नव्हतं, तर तू देणार काय? घाई होती. बटण दाबलं. साहेबांसमोर उभा राहिलो आणि वाटलं, नोकरी गेली तर हिचं औषध कुठून आणू. तेव्हा तुझी वहिनी आजारी होती. म्हणून बोललो. मग ही पण राहिली नाही आणि तू पण नाही. रोज वाटायचं, जाऊन सांगावं. पण तुझ्या दारात उभं राहायचं तोंड नव्हतं. आज ते तिकीट आलं, म्हटलं... आता सांगता येईल.”

इतकी वर्षं धाकट्याने हेच वाक्य मनात हजारदा ऐकलं होतं. ऐकल्यावर आपण काय करू, हेही ठरवलेलं होतं. कधी तो ओरडायचा, कधी थोबाडीत द्यायचा, एकदोनदा तर रडलाही होता. आता यातलं काहीच झालं नाही. त्याला फक्त भयंकर दमल्यासारखं वाटलं, आणि बायको दाराकडे डोळे लावून बसली असेल हे आठवलं.

“दादा,” तो म्हणाला, “ते तिकीट हिला पाठवायचं होतं.”

मोठा त्याच्या बाजूला बघत राहिला.

“दोनच आहेत. मी लिफ्टवर होतो, हाताला ग्रीस होतं. चुकून तुला गेलं. ऑफिसवाले म्हणाले, तू पाठवलंस तरच परत येतं.”

मोठ्याने पॉलिशच्या डबीचं झाकण लावलं. मग त्याने उशाखालून फोन काढला. रुमालात गुंडाळून ठेवला होता.

“मला येत नाही ते,” तो म्हणाला. “तूच कर.”

भावाचा फोन धाकट्याने उरलेल्या तीन बोटांत धरला. तिकीट सापडायला वेळ लागला नाही. त्या फोनमध्ये दुसरं काही नव्हतंच. ‘परत पाठवा’ दाबलं, फोनने खात्रीचं विचारलं. या वेळी तो त्या प्रश्नाकडे पुष्कळ वेळ बघत बसला. मोठ्याने घाई केली नाही, अडवलंही नाही. धाकट्याने ‘हो’ दाबलं.

“झालं?”

“झालं.”

“मी मघाशी बोललो ना,” मोठा म्हणाला, “ते तिकिटासाठी नव्हतं. ते खरं आहे. ते राहू दे तुझ्याकडे.”

धाकटा “बरं” म्हणाला, आणि निघाला. मागे मोठा शर्ट खुंटीवरून काढून घडी घालत होता.

दुसऱ्या दिवशी हॉल गच्च भरला होता. बायको लाँड्रीतून धावतपळत आली, दारावर फोन दाखवला, आणि खुर्चीवर बसल्यावर पहिल्यांदा तिचा श्वास खाली बसला. ब्लीचने फुटलेले हात तिने मांडीवर एकमेकांत धरले होते. लेकीचं नाव पुकारलं तेव्हा ती इतक्या जोरात टाळ्या वाजवू लागली की पुढचे लोक वळून बघायला लागले. धाकट्यानेही टाळ्या वाजवल्या. मंचावर पदवी हातात घेऊन लेक थांबली आणि प्रेक्षकांत शोधू लागली. ते दोघे तिला दिसले. तिने हात केला. पण तरी तिची नजर त्यांच्या आजूबाजूला, मागच्या रांगेत, दारापाशी फिरतच राहिली, शेवटी मागच्या मुलीने तिला पुढे ढकललं.

समारंभ संपल्यावर पायऱ्यांवर फोटोसाठी गर्दी झाली. आई पाणी आणायला गेल्याचं बघून लेकीने बापाला बाजूला ओढलं.

“बाबा, मोठे काका कुठे आहेत?”

धाकट्याने मान वळवून बायको कुठे आहे ते बघितलं.

“काल दुपारी फोन आला त्यांचा, तिकिटावर माझा नंबर असतो ना. रडत होते. म्हणाले, बापाने तुझ्या मला तिकीट पाठवलं. मी मुद्दाम बोलले नाही तुम्हाला, आईला कळलं तर घोळ होईल म्हणून. म्हटलं, आणखी एखादं तिकीट मिळवलं असेल तुम्ही कुठून तरी. मी कधीची शोधतेय त्यांना. आत सोडलं नाही का?”

खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण समोरून बायको पाण्याची बाटली घेऊन गर्दीतून वाट काढत येत होती, तिचा चेहरा इतक्या वर्षांत नव्हता इतका उजळला होता, आणि लेक वाट बघत होती.

“आला नाही तो,” धाकटा म्हणाला.

“तिकीट घेऊनसुद्धा?”

“हो. तिकीट घेऊनसुद्धा.”

लेकीचा चेहरा पडला. “आई म्हणाली होती ते खरंच आहे मग, त्यांच्या शब्दाला किंमत नाही,” ती हळूच म्हणाली.

ती उद्या-परवा मोठ्याला फोन करून जाब विचारेल, आणि मोठा म्हणेल, हो गं, जमलं नाही यायला. दुसरं काही म्हणणार नाही. धाकट्याला हे पक्कं ठाऊक होतं, आणि त्याच भरवशावर तो बोलला होता.

फोटोवाला ओरडला, “चला, घरचे सगळे आले का?”

“आले,” बायको म्हणाली, आणि लेकीला मध्ये घेऊन उभी राहिली.