पिढी म्हणजे किती वर्षं

पारनेरच्या चर्चमध्ये उपासनेनंतर तरुण संघाची बैठक होती. पाळकसाहेबांनी विषय दिला होता: शास्त्रात पिढी किती वर्षांची धरायची. बोलणार होते गणिताचे निवृत्त शिक्षक योहान सर. सत्तरी ओलांडली तरी फळ्यावर त्यांचे आकडे छापल्यासारखे उमटायचे.

त्यांना धास्ती होती ती एकाच प्रश्नाची. आणि तो जिच्यासमोर निघायला नको, ती त्यांची धाकटी बहीण स्टेला मागच्या बाकावर चहाच्या थर्मासपाशी बसली होती.

"मिसर सोडून रानात भटकलेली पिढी चाळीस वर्षांत सरली," सरांनी सुरुवात केली. "स्तोत्रात माणसाचं आयुष्य सत्तर, फार तर ऐंशी. अब्राहामाच्या चार पिढ्या चारशे वर्षांशी जुळवल्या तर पिढी शंभराची. इस्राएल देश झाला एकोणीसशे अठ्ठेचाळीसला. तिथून शेवटची पिढी मोजायची, ती सरायच्या आत जगाचा शेवट. ऐंशी धरले, तर दोन हजार अठ्ठावीस."

"आणि चाळीस धरले तर?" बारावीतल्या कृपानं विचारलं.

"अठ्ठ्याऐंशी. तेव्हा काही झालं नाही, म्हणून मग सत्तर धरले. दोन हजार अठरा."

"म्हंजे रिचार्जची व्हॅलिडिटीच वाढवत न्हेली की, सर!" केविन म्हणाला. पोरं हसली. पाळकसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला.

"पण अठ्ठ्याऐंशीला काहीच झालं नाही?" कृपा सोडेना.

"माझा कोर्स संपला असता," मागून स्टेला म्हणाली.

सरांच्या हातातला खडू थांबला. पंच्याऐंशी साली स्टेलाचा नर्सिंगला नंबर लागला होता. कोर्स तीन वर्षांचा. 'जगालाच तीन वर्षं उरलीत, तू कोर्स कसला करतेस?' असं ते म्हणाले होते. वडील नव्हते, घरात शब्द त्यांचाच. नकाराचं पत्र त्यांनीच सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि खाली तिची सही घेतली. पुढं ती अंगणवाडीत मदतनीस झाली. त्यावर दोघं कधी बोलली नाहीत.

आता सगळे सरांकडं बघत होते.

"माझ्या गणितापायी हिचं शिक्षण राहिलं," ते म्हणाले. "गणित चुकलं. माझी चूक."

एवढं बोलून त्यांना जरा हलकं वाटलं. चारचौघांत कबूल तर केलं.

"गणित कुणाचंबी चुकतं, दादा," स्टेला म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पण त्याच जूनला तुमी बी.एड.ला नाव घातलं हुतं. जग संपायचं हुतं, तर बी.एड. कशाला? एवढंच इचारायचं राहिलं हुतं."

कुणी हसलं नाही. पाळकसाहेब बायबलची पानं उलटू लागले. उत्तर सरांना ठाऊक होतं. पंच्याऐंशीतही ठाऊक होतं.

"खरंच संपेल," ते खाली बघत म्हणाले, "असं मला वाटलंच नव्हतं."