लागलं का?

मंडळी, नव्या गाडीचं कौतुक कुणाला नसतं? हार घाला, पेढे वाटा, चाकाखाली लिंबू चिरडा, कुणी नको म्हणत नाही. हौसेला मोल नसतं. पण गाडी सोवळ्यात आणि घरातली माणसं ओवळ्यात, असं झालं की समजावं, काहीतरी बिनसलंय. बिबवेवाडीतल्या बद्रीनाथ इंगोल्यांच्या घरी नेमकं तेच झालं होतं.

बद्रीनाथ मूळचा अमरावतीकडचा. शिकला, पुण्यात आला आणि हडपसरच्या आयटी पार्कात नोकरीला लागला. तेव्हा पुण्यात जो तो संगणकाच्या कंपनीत लागत होता, आणि लागला की दारात चारचाकी उभी करत होता. बद्रीनाथनेही केली. लालचुटूक गाडी, इंगोल्यांच्या घराण्यातली पहिलीच! गावाकडे वडिलांचा राजा नावाचा बैल होता, जिवापाड जपलेला. बद्रीनाथने तेच नाव गाडीला दिलं. रोज सकाळी खाली उतरायचं, पिवळ्या फडक्याने पुसायचं आणि म्हणायचं, "काय राजा, झोप लागली का?"

वर्ष उलटलं तरी सीटवरचं प्लास्टिक निघालं नव्हतं. बसलं की पापड मोडल्यासारखा आवाज व्हायचा. गाडीत बसण्याआधी चपला झटकायच्या, आत खायचं नाही, काचेला बोट लावायचं नाही. बद्रीनाथ स्वतः कंपनीच्या बसने जायचा, आणि राजा आठवडाभर कव्हर पांघरून पार्किंगमध्ये पडलेला.

"इंगोले, गाडी घेतलीत की देव बसवलात?" तळमजल्यावरचे श्रीधरपंत विचारायचे. "नाही, नैवेद्याची वेळ कळली असती तर आम्हीही आलो असतो."

बद्रीनाथच्या आईने, वेणूबाईंनी, तर एकदा सरळच विचारलं, "काऊन रे बद्री, गाडी का लोनच्यावानी मुरत घातली का?"

बद्रीनाथ हसून सोडून द्यायचा. पण एक दिवस हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. वेणूबाईंचा गुडघा टम्म सुजला. डॉक्टरकडे न्यायचं म्हणून सत्यशीला, त्यांची सून, सासूला धरून खाली उतरली. रिक्षावाले थांबायचे, कुठे जायचंय विचारायचे आणि मान हलवून निघून जायचे. पुण्यात रिक्षावाल्याच्या मनात असेल तिथेच प्रवाशाने जायचं असतं, हे काय तुम्हाला सांगायला हवं? शेवटी त्या माउलीने लंगडत लंगडत दवाखान्यापर्यंतचा चढ चढला. आणि घरची गाडी खाली कव्हरात घोरत होती!

संध्याकाळी नवरा आल्यावर सत्यशीला म्हणाली, "अहो, मला गाडी शिकवाल का? आईंना तरी नेता येईल."

बद्रीनाथने चहाचा कप खाली ठेवला. "अगं, गाडी म्हणजे काय मिक्सर आहे, बटण दाबलं की चालला? आणि ओरखडा पडला तर?"

"आणि आईंच्या गुडघ्याला..."

"रिक्षा मिळतात की! दोन जास्त थांबवायच्या. बायकांचं ते काम नाही, सत्यशीला. तुम्ही आरसा बघता तो टिकली लावायला."

सत्यशीला उठली. कप उचलून आत गेली. पुढच्या आठवड्यापासून तिने सकाळचा भरतकामाचा क्लास लावला. महिना होत आला तरी घरात साधा एक रुमाल भरून आला नाही. पण बद्रीनाथला रुमालाशी काय देणंघेणं? त्याला ठाऊक एकच, पिवळं फडकं.

एका शनिवारी सुट्टी होती. सत्यशीला क्लासला गेलेली. बद्रीनाथ राजाला घेऊन चाकांत हवा भरायला निघाला. पुढे एक पांढरी जुनी गाडी हळूहळू चालली होती. मागच्या काचेवर मोठा लाल एल, त्याखाली 'सलीमा ड्रायव्हिंग स्कूल, फक्त महिलांसाठी', आणि त्याहून खाली पाटी:

'आम्ही शिकत आहोत. आपण शिकलेले आहात ना?'

"बायकांचा क्लास!" बद्रीनाथ पुटपुटला. "पुणं सोडून जायची वेळ आली बुवा!"

एवढ्यात त्याची नजर स्टिअरिंगपुढच्या डॅशबोर्डवर गेली. धूळ! चांगली बोटभर लांब रेघ! राजाच्या अंगावर धूळ? बद्रीनाथने एका हाताने स्टिअरिंग धरलं, दुसऱ्या हाताने फडकं काढलं आणि वाकून पुसायला लागला. पुढे स्पीडब्रेकर होता. पांढरी गाडी रीतसर थांबली.

धाड्!

बद्रीनाथ दार उघडून धावला तो थेट राजाच्या तोंडाशी. बंपर आत गेलेला, डाव्या दिव्याची काच फुटलेली, लाल रंग खरवडून खालचा पत्रा दिसतोय. आधी तो पांढऱ्या गाडीकडे बघून कडाडला, "बाईच ना शेवटी! येत नाही तर रस्त्यावर येतात कशाला? घरी पोळ्या लाटा म्हणावं!" आणि मग मटकन रस्त्यावर बसला, बंपरवरून हात फिरवत, अगदी रडवेल्या आवाजात म्हणाला, "अरेरे! किती लागलं रे! फार लागलं का तुला?"

पांढऱ्या गाडीच्या खिडकीतून बाईचा आवाज आला, "नाही हो, मला काही नाही लागलं. तुम्हाला?"

बद्रीनाथचा हात बंपरवरच थिजला. हा आवाज! हा आवाज तर रोज 'जेवायला चला' म्हणणारा!

दार उघडलं आणि साक्षात सत्यशीला बाहेर आली. चेहरा पांढराफटक, पदर खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट.

"तू? आणि भरतकाम?"

"हेच ते," सत्यशीला खाली बघत म्हणाली.

गर्दी जमायला पुण्यात आमंत्रण लागत नाही. पिशवीत भाजी घेतलेले एक पेन्शनर पाटीकडे आणि बंपरकडे आळीपाळीने बघत म्हणाले, "साहेब, पाटी वाचायला इतक्या जवळ जायची गरज नव्हती. अक्षर चांगलं मोठं आहे."

लोक खो खो हसले. बद्रीनाथचे कान गाडीसारखे लाल झाले.

तेवढ्यात दुसऱ्या बाजूने सलीमा मॅडम उतरल्या. चाळिशी ओलांडलेल्या, डोक्यावर ओढणी, आवाज मात्र भर बाजारात हाक मारावी असा. त्यांचं सगळं खानदान येरवड्याचं, आणि अर्ध्या पुण्यातल्या बायकांच्या हाती त्यांनी स्टिअरिंग दिलेलं. त्यांनी प्रकार एका नजरेत ओळखला. भांडण नाही, आरडाओरडा नाही. "चला, कोपऱ्यावर आमच्या कासिमचं गॅरेज आहे. रस्ता अडवून उभे राहू नका," एवढंच म्हणाल्या.

कासिम त्यांचा भाचा. त्याने बंपर चाचपला, दिवा हलवून बघितला. "इंजिनाला काही नाही साहेब. पोचा काढू, दिवा बदलू, रंग मारू. विमा असेल तर कंपनीला आधी फोन करा."

पण बद्रीनाथचं लक्ष कुठे होतं? तो पुन्हा राजाजवळ उकिडवा बसला होता. बाकावर बसलेली सत्यशीला हळूच म्हणाली, "मॅडम, सोमवारी लायसनची परीक्षा आहे ना, मी नाही येणार. ह्यांचंच बरोबर होतं. मला नाही जमायचं हे."

सलीमा मॅडमनी चहाचा ग्लास खाली आपटला.

"तुम्हाला जमत नाही? स्पीडब्रेकरवर गाडी अलगद थांबवलीत. मी माझ्या बाजूच्या ब्रेकवर पायसुद्धा ठेवला नाही! आणि ज्यांना जमतं, ते मागून येऊन आदळले!" मग त्या बद्रीनाथकडे वळल्या. "भाऊ, एक विचारू? हात कुठे होता तुमचा? आरशात सगळं दिसत होतं मला. आरसा आम्ही टिकली लावायलाच नाही बघत."

बद्रीनाथने चमकून बायकोकडे पाहिलं. बायको छताकडे बघत होती.

"फडकं मारत होतो," तो कसाबसा म्हणाला. "पण मॅडम, गाडीला जपायचं नाही का? किती वाट बघून घेतलीय!"

"जपा की! मी कुठे नको म्हणते? माझी ही खटारा मी लेकरासारखी जपते. पण भाऊ, गाडी माणसासाठी असते की माणूस गाडीसाठी? तुमच्या आई लंगडत डॉक्टरकडे गेल्या तेव्हा तुमची गाडी काय करत होती? यांनीच सांगितलं पहिल्या दिवशी. म्हणाल्या, मला हौस नाही मॅडम, मला आईंना न्यायचंय. आणि आज एवढा दणका बसला, तुम्ही तासभर बंपरवरून हात फिरवताय. यांचं कोपर बघितलंत का?"

"कोपर?"

"मला काही नाही झालं," सत्यशीला घाईघाईने पदर ओढत म्हणाली.

बद्रीनाथ उठला. त्याने पदर बाजूला केला. कोपर लिंबाएवढं सुजलं होतं आणि काळंनिळं पडलं होतं!

अरे देवा! बंपरवरचा एकूण एक ओरखडा त्याला तोंडपाठ झाला होता, आणि हाडामासाच्या बायकोचं कोपर त्याला परक्या बाईने दाखवावं लागलं! त्याला वडील आठवले. राजा बैलाला ठेच लागली तर वडील हळद लावायचे खरे. पण आईला ताप आला तर त्याच राजाला जुंपून रात्री तालुक्याचा दवाखाना गाठायचे. बैल जपायचे ते वेळेला उपयोगी पडावा म्हणून. आपण नाव तेवढं उचललं, रीत विसरलो! त्याचे डोळे भरून आले.

"सत्यशीला," तो म्हणाला, "एक सांगू? मघाशी रस्त्यावर, फार लागलं का, असं मी तुला विचारलंच नव्हतं गं. मी राजाला विचारत होतो."

"माहीत आहे मला."

"काय?"

"मला कधी 'किती लागलं रे' म्हणाल का तुम्ही?" सत्यशीलाच्या ओठांवर हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही. "म्हटलं, इतक्या मायेने विचारताय, गाडी तर काही बोलायची नाही. कुणीतरी उत्तर द्यायला पाहिजे ना बाप्पा!"

कासिम हातातलं काम थांबवून बघत राहिला. सलीमा मॅडमनी ओढणीने डोळे टिपले आणि लगेच दरडावलं, "कासिम, बर्फ आण! बघत काय बसलास!"

कोपरावर बर्फ धरून बद्रीनाथने विमा कंपनीला फोन लावला. पलीकडच्या माणसाने सवयीने विचारलं, "काय झालं सर? पुढच्या गाडीने अचानक ब्रेक मारला का?"

किती सोपं होतं 'हो' म्हणणं! सगळेच म्हणतात. बद्रीनाथने बायकोकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाला, "नाही. पुढची गाडी उत्तम चालली होती. चूक माझी. मी धूळ पुसत होतो!"

"काय करत होता सर?"

"धूळ! फडक्याने!"

कासिमला हसू आवरेना. सत्यशीलाही हसली, आणि अखेर बद्रीनाथही हसला. हसता हसता तो उठला, राजाचं दार उघडलं आणि वर्षभराचं प्लास्टिक चर्रकन फाडून काढलं. किती मऊ सीट होती हो आतली! त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

सोमवारी त्याने रजा काढली. सत्यशीलाने परीक्षेत गाडी अशी फिरवली की तिचं तिलाच खरं वाटेना, आणि लायसन हातात पडलं. पुढच्या आठवड्यात दुरुस्त झालेला राजा घरी आला, नव्या दिव्याचा, नव्या रंगाचा. पहिला मान वेणूबाईंचा. त्या पुढच्या सीटवर ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "चाल माय सूनबाई, आता त्या रिक्षावाल्याईच्या पुढून ने मले, अन् हॉर्न वाजव!"

फिरून परत येताना मात्र सोसायटीच्या फाटकाचा खांब जरा जास्तच जवळ आला. खर्रर्र! नव्या रंगावर लांबच लांब ओरखडा. श्रीधरपंत दारात आले. गॅलऱ्यांतून डोकी डोकावली. सगळ्यांनी श्वास रोखला, कारण बद्रीनाथ एका पायात चप्पल घालून जिना उतरत धावत येत होता.

सत्यशीला काच खाली करून घाबऱ्या चेहऱ्याने बसली होती.

"लागलं का?" बद्रीनाथने धापा टाकत विचारलं.

"कुणाला?" तिने भीत भीत विचारलं.

"तुला गं! आणि आईला! आणखी कुणाला?"

श्रीधरपंतांनी चष्मा काढून पुसला. "इंगोले," ते म्हणाले, "आज देव उठला तुमचा. माणसात आलात."

मंडळी, गाड्या आता घरोघरी येताहेत, अजून येतील. येऊ द्यात, आनंद आहे! पोचे पडतील, काचा फुटतील. पत्रा आहे, ठोकला की सरळ होतो, नाही तर नवा मिळतो. पण आपल्या माणसाच्या मनाला पोचा पडला, तर तो काढणारं गॅरेज पुण्यात नाही आणि विमाही त्याचा उतरत नाही. तेव्हा गाडीची किल्ली घरातल्या बाईच्याही हाती द्या, आणि कुठेही धडकलात, चूक कुणाचीही असो, खाली उतरल्यावर आधी बंपरकडे धावू नका. आधी माणसाकडे जा आणि विचारा, लागलं का?

तो ओरखडा राजाच्या अंगावर अजून आहे. कासिम दोनदा म्हणाला, फुकट रंग मारून देतो. बद्रीनाथ म्हणाला, राहू दे, तेवढंच एक भरतकाम घरात आलंय.