भुरीची पेज

"पाजू नोको तिले काई!" चतुराबाई खाटेवरूनच ओरडली. "पोट वाहून राह्यलं तिचं. वरून ओतशीन तं खालून जाईन!"

केशरबाईनं सासूकडे पाहिलंसुद्धा नाही. जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेली भुरी मांजर तिनं मांडीवर घेतली होती. एका हातानं जबडा धरायचा, ओठाच्या कोपऱ्यातून मिठाची पातळ पेज चमच्यानं सोडायची आणि घोट गिळला की पुन्हा चमचा भरायचा. अर्धी पेज तिच्याच पदरावर सांडत होती.

"आता मांजरीले सलाईन लावतं काय?" कापसाच्या जिनात पाळीवर निघालेला देवमन दारातून म्हणाला.

"शीर सापडली असती तं लावलीच असती," केशरबाई म्हणाली.

नवरा हसत निघून गेला. भुरी चौदा वर्षांची झाली होती. दात गेले होते, दूध पचत नव्हतं आणि आता चार दिवसांपासून पोट थांबत नव्हतं. पोत्यात घालून वडाळीच्या तलावापलीकडे सोडून ये, असं शेजारच्या दुर्गाबाईनं सुचवलं, तर केशरबाईनं तिच्याशी बोलणंच टाकलं.

भुरीला पिल्लू असताना मनकर्णानं आणलं होतं. केशरबाईची सहा वर्षांची पोर, जिनातल्या सरकीच्या ढिगावरून परकरात लपवून घेऊन आली होती. त्याच उन्हाळ्यात, अठ्ठेचाळीस साली, पोरीला हगवण लागली. हगवणीत पाणी द्यायचं नसतं, असं सगळेच म्हणाले. चतुराबाईनं तर माठच उचलून शेजारी नेऊन ठेवला. नातीवर तिचा फार जीव होता, म्हणूनच नेला. "माय, पानी दे," असं पोर दोन दिवस म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणायची थांबली.

पुढे केशरबाई दवाखान्यात आया म्हणून लागली. जुलाबानं सुकलेल्या पोरांना डॉक्टर बाटलीनं पाणीच चढवतात, हे तिनं पहिल्याच आठवड्यात पाहिलं. त्या दिवशी मोरीत जाऊन ती ऊर फुटेस्तोवर रडली. घरी मात्र अवाक्षर काढलं नाही. पण या खेपेला ती कुणाचं ऐकणार नव्हती. भुरी म्हातारी आहे, मरायची तर मरेल, पण तहानेनं मरणार नाही, एवढं तिनं ठरवून टाकलं होतं.

ड्यूटीवर जाणं भाग होतं. पेजेची वाटी आणि चमचा तिनं झाकून ठेवला. "आत्याबाई, याले हात लावू नका," असं बजावून ती गेली. दिवसभर वॉर्डात तिचं चित्त नव्हतं. माठ उचलणारे ते दोन हात सारखे डोळ्यांपुढे येत होते.

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तर वाटी रिकामी.

"काहून फेकली पेज? नाई म्हनलं होतं ना मी?"

"फेकली नाई वं."

चतुराबाई माठाजवळ भुईवर बसली होती. भुरी तिच्या मांडीवर होती. मांजरीच्या मिशा ओल्या होत्या आणि म्हातारीचा पदर पेजेनं माखला होता.

"तू गेली अन् हे सरकत सरकत माठापाशी येऊन पडली. ओरडाची ताकत नोती, नुसतं तोंड उघडे. मले पाहवलं नाई. तू कशी धरतं ते पाह्यलं होतं म्या, तशीच पाजली." म्हातारीनं भुरीच्या डोक्यावरून हात फिरवला. "दुपारी डोये उघडले तिनं." मग तिनं विचारलं, "केशर, मनकर्णालेही पानी द्या लागत होतं काय वं?"

दवाखान्यात लागल्यापासून उत्तर केशरबाईच्या जिभेवर तयार होतं.

"हो," ती म्हणाली. "द्या लागत होतं."

म्हातारीची मान खाली गेली. केशरबाई तिच्याजवळ बसली.

"मीही नाई देल्लं, आत्याबाई. माय तं मी होती."

मग केशरबाई उठली आणि माठातून वाटी भरून घेऊन आली. केशरबाईनं भुरीचा जबडा धरला. म्हातारीनं चमचा भरला.