मौनी वाजला

जेवणाची सुट्टी झाली की ज्ञानदीप डबा चार घासांत संपवायचा, शेडमागे पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसायचा, कानांवर मोठाले हेडफोन चढवायचा आणि मोबाइलवर ट्रक चालवायला लागायचा. वय बावन्न, अर्धं डोकं टकलू, पोलोग्राउंडच्या ओतकामाच्या कारखान्यात तेवीस वर्षं झालेली. अशा माणसाने भर दुपारी गेम खेळत बसावं म्हटल्यावर लोक हसणारच, त्यात त्यांचा काय दोष?

"क्या भिया, पोचला का माल?" भट्टीवरचा जयेश जाता-जाता हमखास विचारायचा.

"घाट लागलाय," ज्ञानदीप म्हणायचा.

"आठ महिने झाले, अजून घाटच? आणि लेवल दोनच? माझी पोरगी सात वर्षांची आहे, ती पण तुमच्या पुढे जाईल यार!"

मग टाकीपाशी हात धुणारे सगळे खो-खो हसायचे. ज्ञानदीपही हसायचा. हसू देत लेकाचे, त्याला वाटायचं, हसताहेत तोवर कुणी विचारणार नाही.

कारण खरी गोष्ट वेगळीच होती. त्याला ट्रकशी काही देणंघेणं नव्हतं, माल पोचला काय नि दरीत गेला काय. मागच्या सुट्टीत मुलगी शमिका पुण्याहून आली होती, तेव्हा तिने गंमत म्हणून हा गेम बाबांच्या फोनवर टाकून दिला. त्यात एक पावसातला घाटरस्ता होता. टपावर पावसाचा एकसारखा आवाज, खाली इंजिनाची घरघर. त्या आवाजात अर्धा तास बसलं की त्याच्या कानातली शिट्टी झाकली जायची. एवढंच. म्हणून रोज तोच रस्ता, रोज तोच पाऊस.

शिट्टी सुरू झाली ती एका सकाळी, दात घासताना. बारीक, लांब, न थांबणारी. शेजारच्यांचा कुकर अडकलाय असं वाटून त्याने बायकोला, प्रीतीला, हाकसुद्धा मारली. "अगं, जरा त्यांना सांग, गॅस बंद करा म्हणावं."

प्रीती बाहेर आली, कान देऊन उभी राहिली. "कुठली शिट्टी? मला तर काही नाही येत ऐकू."

शिट्टी तर चालूच होती, म्हणजे ती त्याच्याच कानात होती. "बंद झाली वाटतं," तो म्हणाला, आणि त्यानंतर त्याने हा विषय कुणाजवळही काढला नाही. एकदा गुपचूप कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं ठोकाठोकीत काढलीत, नस दुखावली आहे. गोळी नाही, ऑपरेशन नाही. आवाजाकडे लक्ष देऊ नका, हळूहळू सवय होईल.

आवाजाकडे लक्ष देऊ नका! आता काय बोलावं? या माणसाचं सगळं आयुष्य आवाजाकडे लक्ष देण्यात गेलेलं. कारखान्यात बिडाचे हब ओतले जायचे, लोखंडी चाकांच्या मधोमध बसणारे, आणि ते हब पास करायचे ज्ञानदीपच्या कानाने. हब साखळीला लटकवायचा, छोट्या हातोडीने एक ठोका द्यायचा आणि ऐकायचं. ठोका काय, कुणालाही ऐकू येतो. कान लावायचा तो ठोक्यानंतर रेंगाळणाऱ्या नादाला. नाद लांबला तर माल चांगला. नाद मध्येच मेला तर आत कुठेतरी तडा, डोळ्यांना दिसो न दिसो. पास झालेल्या हबवर तो खडूने एक गोल काढायचा. तो गोल पाहिला की मालक परेशजी कागदसुद्धा न वाचता सही करायचे.

साखळीशेजारी कोपऱ्यात एक फुटका हब कायमचा टांगलेला असायचा. त्याला सगळे मौनी म्हणायचे, कारण कितीही ठोका, तो भद्द करून गप्प. ज्ञानदीपच्या उस्तादाने घालून दिलेला रिवाज असा, की कुठल्याही लॉटआधी पहिला ठोका मौनीला. मौनी गप्प राहिला तर आपला कान ठिकाणावर आहे, पुढे चला.

शिट्टी लागल्यानंतर पहिल्यांदा त्याने मौनीला ठोकलं, तेव्हा मौनीही लांब वाजल्यासारखा वाटला होता. भद्द संपायच्या आत कानातली शिट्टी त्याच्या मागे येऊन लागली होती. त्या दिवशी बरं नाही सांगून तो घरी गेला. आणि मग दोन-चार दिवसांत त्याच्या ध्यानात आलं, की अर्धा तास गेममधल्या पावसात बसून हेडफोन काढला, की काही मिनिटं शिट्टी खरोखर थांबते. पहिल्या वेळी थांबली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. दहा-बारा मिनिटं निखळ शांतता! उठला तो थेट साखळीपाशी गेला, मौनीला ठोका दिला. मौनी गप्प. अख्खा लॉट त्याने त्या बारा मिनिटांत तपासला.

तेव्हापासून हेच चाललं होतं. आधी गेम, मग मौनी, मग लॉट. सगळ्यांना वाटे, भिया गेममुळे कामाला उशीर करतात. पण बारा मिनिटांची आठ झाली, आठाची पाच.

सांगून का टाकलं नाही, असं कुणीही विचारील. त्याला त्याचे आजोबा आठवायचे. धोंडिबा आजोबा महूच्या छावणीत तोफांवर होते. पुढे कान गेले. घरातले आधी त्यांच्याशी ओरडून बोलायचे, मग खुणा करायला लागले, मग जेवायला चला एवढीच खूण उरली. म्हातारा ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे ओठ बघायचा. लहानपणी ज्ञानदीपही त्यांच्या मागे उभा राहून वेडावून दाखवायचा. ते आठवलं की आजही त्याला स्वतःची लाज वाटायची. त्याला ओट्यावरचा म्हातारा व्हायचं नव्हतं. त्यापेक्षा गेमवेडा बरा.

घरी मात्र त्याची किंमत मोजावी लागत होती. कारखान्यातून आला की हेडफोन, जेवण झालं की हेडफोन. प्रीती शाळेतलं काही सांगायला लागली की वाक्यातला अर्धा भाग शिट्टीत बुडायचा. तो अंदाजाने "हो" म्हणायचा. एकदा तिने विचारलं, "मी आईकडे चार दिवस जाऊ, की तुम्हाला अडचण होईल?" तो म्हणाला, "हो." तिने बॅग भरलीच नाही. नंतर नंतर ती बोलायचीच थांबली. एका छताखाली दोघं, आणि बोलायला कुणी नाही.

त्या गुरुवारी तो नुकता घाटाला लागला होता, चार मिनिटंही झाली नसतील, तोच खांद्यावर हात पडला. परेशजी होते, आणि सोबत आशिष, मेळ्यात आकाशपाळणे लावणारा ठेकेदार.

"ज्ञानदीपजी, सॉरी हां, तुमचा गेम जरा थांबवा. लालबागला उद्यापासून मेळा आहे. यांचे आठ हब आत्ताच्या आत्ता द्यायचेत. टेम्पो खडा आहे."

"अर्धा तास द्या ना."

"अरे भिया, क्या गेम खेल रहे हो!" आशिष हसला. "पंधरा मजूर बसलेत तिकडे."

ज्ञानदीप उठला. हेडफोन काढला तर शिट्टी तशीच, तिला काही फरक पडला नव्हता. साखळीपाशी आला. मालक मागे उभा, ठेकेदार घड्याळ बघतोय, जयेश पहिला हब लटकवून तयार. कोपऱ्यात मौनी. ज्ञानदीपने मौनीकडे पाहिलं आणि हातोडी उचलून सरळ पहिल्या हबवर मारली. तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्याने मौनीला ओलांडलं. विसरला नव्हता. मौनी काय सांगील याची भीती वाटली, म्हणून ओलांडलं.

आठ ठोके, आठ खडूचे गोल. आठही चांगले वाजले. टेम्पो गेला.

सगळे पांगल्यावर त्याने मौनीला ठोका दिला. मौनी वाजला. लांब, सुरेल, थांबायचं नाव नाही.

तो परत टाकीपाशी जाऊन बसला. हेडफोन चढवला, ट्रक सुरू केला. मनाशी म्हणाला, आठ महिन्यांत तडा गेलेले हब निघाले ते अवघे पाच. या आठांत कशाला असेल? आणि असला तरी लगेच थोडाच तुटतो? पावसाचा आवाज चालू होता, वळणं येत होती. पाळण्याच्या पेटीत बसतात कोण, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. दरवर्षी प्रीतीच्या शाळेतल्या बाया पोरांना घेऊन जायच्या. त्याने ब्रेक दाबला नाही, ट्रक कठडा तोडून खाली गेला आणि स्क्रीन लाल झाला. हेडफोन तिथेच टाकून त्याने स्कूटर काढली.

लालबागच्या मैदानात पाळण्याचा सांगाडा उभा राहत होता. दोन हब वर चढले होते.

"उतरवा," ज्ञानदीप म्हणाला. "सगळे हब परत ठोकायचेत."

"का भिया? पास केले ना तुम्ही?"

"कागदात थोडी गडबड आहे."

आशिषने कपाळाला हात लावला आणि परेशजींना फोन लावून, कागदाचं सांगून, तो ज्ञानदीपच्या हातात दिला. परेशजी समजावणीच्या सुरात म्हणाले, "कागद मी बघतो. तुम्ही ठोकलेत, गोल काढलात, बात खतम. ज्ञानदीपजी, तुमच्या कानावर मी डोळे मिटून सही करतो, माहीत आहे ना?"

हेच नको होतं. शिव्या दिल्या असत्या तर बोलणं सोपं गेलं असतं. मजूर नट आवळायचे थांबून बघत होते.

"माझ्या कानात शिट्टी वाजते, परेशजी," तो म्हणाला. "आठ महिने झाले. आजचा लॉट मला ऐकूच आला नाही. मी नुसते गोल काढले."

परेशजी एवढंच म्हणाले, "थांबा तिथेच."

अर्ध्या तासात ते जयेशला घेऊन आले. हब उतरवले, एकेक दोरखंडाला लटकवला. हातोडी जयेशच्या हातात. ज्ञानदीप बाजूला उभा राहिला आणि जयेशच्या तोंडाकडे बघत राहिला. बघता-बघता त्याच्या लक्षात आलं, की आजोबा ओट्यावर बसून हेच करायचे.

पहिला, दुसरा, तिसरा. जयेशचं तोंड तसंच. सहाव्या हबला त्याने ठोका दिला आणि त्याचा चेहरा उतरला. पुन्हा दिला. मग तो ज्ञानदीपकडे वळला.

"भिया, हा तर मेला आहे. खरंच नाही आलं ऐकू?"

"मला तर चांगला वाजला," ज्ञानदीप म्हणाला.

त्याने काढलेला खडूचा गोल जयेशने ओल्या फडक्याने पुसून टाकला. हळूच पुसला, त्याला दिसू नये म्हणून मध्ये उभा राहून. ते ज्ञानदीपला जास्त लागलं.

"आणि आधीचे लॉट?" परेशजींनी विचारलं.

"ते गेम खेळून तपासलेत. सगळे मौनीला ठोकून मगच." आणि त्याने पावसाची, बारा मिनिटांची सगळी हकीकत सांगितली. जयेश मान खाली घालून ऐकत होता.

परेशजी रागावले नाहीत. ते त्याच्या कानाजवळ आले आणि एकेक शब्द तोडत, मोठ्याने ओरडून म्हणाले, "उद्यापासून! तुम्ही! स्टोरमध्ये बसा! ठीक है?"

मजुरांनी वळून पाहिलं. ज्ञानदीपला सगळं नीट ऐकू आलं होतं. ऐकू न येणं हा त्याचा आजारच नव्हता. पण त्याने मान डोलावली.

घरी आला तेव्हा उन्हं अजून भिंतीवर होती. प्रीती वह्या तपासत बसली होती. तिने वर पाहिलं, त्याचे रिकामे कान पाहिले आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "आज गेम नाही?"

तो तिच्यासमोर स्टुलावर बसला आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. कुकरपासून सहाव्या हबपर्यंत. प्रीतीच्या हातातलं लाल पेन तसंच उघडं राहिलं.

"आठ महिने!" ती म्हणाली, आणि एकदम तिचा आवाज फाटला. "आठ महिने मी समजतेय, तुम्हाला माझं तोंड बघायचा कंटाळा आलाय! आईकडे जाऊ का विचारलं तर नको म्हणालात, आणि थांबले तर ते भोंगे कानांवर! मी शमिकाला फोनवर काय-काय बोलले तुमच्याबद्दल, माहीत आहे?"

"तू आईकडे जायचं विचारलं होतंस?"

प्रीतीने पदराने डोळे पुसले. बाहेर कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गेली.

मग तिने विचारलं, "आत्ता पण वाजतेय?"

"हो."

"कशी वाजते? मला वाजवून दाखवा."

त्याला कळेना. डॉक्टरनेसुद्धा हे विचारलं नव्हतं. तो लाजला, मग ओठांचा चंबू केला. पहिल्यांदा नुसतीच हवा गेली. दुसऱ्यांदा सूर लागला, बारीक, एकसारखा, आणि त्याने तो कानातल्या शिट्टीशी जुळवून धरला, छातीत दम होता तेवढा वेळ. प्रीती डोळे मिटून ऐकत होती. त्या सकाळी दारात उभी राहून कान दिला होता, तसाच कान देऊन.

दम संपला. खोली शांत झाली.

"माझी तर थांबली," प्रीती म्हणाली. "तुमची?"

त्याने मान हलवली. नाही.

तिने वह्या बाजूला सारल्या, आपली खुर्ची ओढून त्याच्या अगदी जवळ घेतली.

"परत वाजवा," ती म्हणाली.